तुम्ही विचारलंत म्हणून : आबासाहेबांना अकरा वेळा का?

सोलापुरात राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. गाव सांगोला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "एकाच माणसाला अकरा वेळा आमदार केलंत, असं काय होतं हो गणपतराव देशमुखांत?" गणपतराव म्हणजे आमचे आबासाहेब.

साधे होते, एसटीनं फिरायचे, हे सगळेच सांगतात. खरंच आहे ते. लहानपणी पंढरपूरच्या गाडीत मी त्यांना पाहिलंय. आमदारांच्या राखीव बाकावर बसलेले, मांडीवर कागदांची चळत, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीतून आत सरकवले जाणारे अर्ज. पण नुसत्या साधेपणाला कुणी मत देत नाही.

ते मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, सांगोल्यात वकिली करणारे. शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला अवघ्या 192 मतांनी हरले, 1999 ला पुन्हा आले. राज्यात शेकाप आटत गेला, त्यांनी पक्ष सोडला नाही.

माझं उत्तर आईपासून सुरू होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. तेव्हा काम मिळणं म्हणजे सरकारची मेहेरबानी वाटे. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क झाला. पण कायदा होऊन भागत नाही. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव चढतं का, मजुरी किती आठवडे थकते, हे कुणीतरी विचारावं लागतं. त्यासाठी विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे. तिथे सगळ्या पक्षांचे आमदार एकत्र बसतात, जिल्ह्यात जाऊन कामं बघतात, अधिकाऱ्यांची साक्ष घेतात. या कामाला टाळ्या पडत नाहीत. मला आमदारकी म्हणजे हेच वाटतं : कागद वाचून जाणं आणि उत्तर मिळेपर्यंत न बसणं. आबासाहेब दुष्काळावर बोलायला उठले की सभागृह ऐकायचं, ते या अभ्यासामुळे.

पाण्याचंही तेच. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर त्यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीला वर्षानुवर्षं भरवली, कृष्णेचं पाणी आमच्या माळाला मिळावं म्हणून. टेंभू, म्हैसाळ ही कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या योजनांची नावं आमच्याकडे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही पाठ आहेत, ती उगीच नाहीत. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली.

2014 ला, त्यांच्या अकराव्या वेळी, आईला मतदानाला मीच सांगोल्याला घेऊन गेलो. रांगेत उभं राहताना तिनं पदर कमरेला खोचला, कामावर निघताना खोचायची तसा.