छतातली खाट

आज अख्खा दिवस गॅरेजमध्ये गेला, पण व्हॅनमधली वरची खाट उभी राहिली! आमची १९८६ ची फोक्सवॅगन टी-२५, उंच छताची. छत फायबरग्लासचं. इंग्लंडच्या थंडीत आतून दव धरतं आणि गादीखाली मुरत राहतं. जुन्या फळ्या त्यानेच फुगून पापुद्रे सुटले होते.

छताची कड कुठेच सरळ नाही. म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, आत धरून पाहिला, पुन्हा तासला आणि मग १२ मिमी बर्च प्लायवर उतरवला. गादीखाली हवा खेळावी म्हणून फळीभर भोकं पाडली. वजनही तेवढंच हलकं. वार्निशचे जास्त हात कडांना दिले, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. लांब बिजागरी मात्र जुनीच, घासूनपुसून लावली. काय सुंदर चालतेय अजून!

लेक वर चढून पसरली, जेवायलाही उतरेना.

आता खालची खाट. तिचा मागचा भाग इंजिनाच्या झाकणावर येतो, त्यामुळे तो सहज उचलता आला पाहिजे. इथल्या मंडळींपैकी कुणी हे काम केलं असेल तर मापं पाठवा, प्लीज.