पाच काळ्या पट्ट्या, पाच भाव

कोमल (थोडे उतरलेले) सूर म्हणजे दुःख आणि शुद्ध सूर म्हणजे आनंद, हे गाणं शिकायला लागलं की लवकरच कानावर पडतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण सूर असे वागत नाहीत. पंचवटीपासून सिन्नरपर्यंत भजन होतं तिथे पेटी असतेच. त्याच पेटीवर अर्ध्या तासात हे पडताळून पाहता येतं.

पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. मोबाइलवरचा तानपुरा काळी तीनवर (दोन काळ्यांच्या जोडीनंतर येणाऱ्या तीन काळ्यांतली पहिली) लावा आणि तिलाच सा माना. काळी तीन, चार, पाच, मग वरची काळी एक आणि दोन. सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. गंधारावर सावकाश थांबत गेलात की संध्याकाळ ओलांडल्यावरची प्रसन्न शांतता येते. आता तानपुरा काळी पाचवर न्या आणि तिथून त्याच पट्ट्या वाजवा. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. हा मालकंस, गंभीर, मध्यरात्रीचा. एकही पट्टी बदललेली नाही, फक्त सा हलला. काळी एकला सा केलं तर दुर्गा, काळी दोनला धानी, काळी चारला मधमाद सारंग. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात, आणि माझ्या मते भाव कसा तयार होतो ते समजायला याहून चांगला धडा नाही.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक तानपुऱ्यामुळे. तो काळी तीनवरच ठेवून मालकंस वाजवला तर कान भूपच ऐकत राहतो, कारण प्रत्येक सूर मागे वाजणाऱ्या षड्जाशी, म्हणजे सा-शी, मोजला जातो. दुसरी चूक मालकंसातच होते. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची राहिली तर सगळं बिघडतं. काळी पाचचा पंचम म्हणजे पांढरी चार, तो या रागात नाहीच, आणि शेजारच्या कोमल धैवताशी तो सारखा घासतो. पहिली तार मध्यमाला, म्हणजे काळी दोनला मिळवायची. तिसरी अडचण पेटीचीच. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, त्यावरच लांब थांबायचं, म्हणून दोन गंधारांच्या घासण्यातून येणारी थरथर तिथेच सगळ्यात जास्त बोचते. गंधारावर पेटी सोडून गळ्याने थांबा, फरक लगेच कळेल.

सा जागेवर ठेवूनही भाव बदलतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तीन रागांचे सूर एकच: कोमल रे, तीव्र म, बाकी शुद्ध, पंचम नाही. मारवा रे-धवर रेंगाळतो आणि षड्ज लांबवत अस्वस्थ करतो, पूरिया मंद्रात, खालच्या सप्तकात, उतरतो, सोहनी तार (वरच्या) षड्जाभोवती घोटाळते.

आता भूपाचे पाच सूर घेऊन नाशिकबाहेर पडू. इथिओपियात याच पाच सुरांत तिझिता नावाची गाणी गातात, क्रार नावाच्या तंतुवाद्यावर किंवा एका तारेच्या मासिंकोवर. तिथे त्यांतून गेलेल्या माणसांची, गेलेल्या दिवसांची आठवण दाटून येते. जपानमध्ये मेइजी काळात शाळेच्या गाण्यांसाठी हेच सूर रुळले. किंवा आपला बसंत मुखारी घ्या. सा, कोमल रे, शुद्ध ग, म ही त्याची चढण आपल्याला करुण, सकाळची वाटते. पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांत त्याच सुरांवर क्लॅरिनेट वाजते आणि लोक नाचतात.

मग सीमा ओलांडून काय पोचतं? मुख्यतः लय आणि आवाजाचा जोर. नाशिक ढोल कुठेही वाजला तरी तो उत्साहाचा आहे हे सांगावं लागत नाही. तोच ठेका मिनिटाला ६० मात्रांवर, हलक्या हाताने वाजवून पाहा, त्याची मिरवणूक राहत नाही. २००९ मध्ये कॅमेरूनच्या माफा लोकांना, ज्यांनी पाश्चात्त्य संगीत ऐकलेलं नव्हतं, पियानोचे तुकडे ऐकवले गेले. आनंद, दुःख आणि भीती त्यांनी निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा ओळखली. लयीबरोबर स्वरसप्तकाचाही आधार तिथे दिसला होता. पण पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासात (२०२२) पाश्चात्त्य संगीत फारसं कानावर न पडलेल्यांना मेजर-मायनर या पाश्चात्त्य स्वररचनांमध्ये सुख-दुःख जवळपास जाणवलंच नाही. मला हा दुसरा निकाल जास्त बोलका वाटतो.

आपल्या रागांवरही असा प्रयोग झाला आहे. १९९९ च्या अभ्यासात कॅनडातल्या श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांतला आनंद, दुःख आणि संताप ओळखता आला, शांत भाव मात्र नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने बाहेरचे पाहुणे नाशिकला येतील आणि त्यांच्यासमोर भूप गायचा असेल, तर आधी दोन-तीन मिनिटं नुसता तानपुरा ऐकू द्या. मग आलाप अगदी सावकाश ठेवा, प्रत्येक फेरी षड्जावर आणून सोडा, आणि तबला लवकर सुरू करू नका.