गाडीत राहून गेलेला चहा

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात आम्ही आठजणींनी बावीस वर्षं एकत्र प्रवास केला. वाढदिवस तिथेच व्हायचे. कागदी डिशमध्ये ढोकळा, पेढे, कधी कोणाच्या आईच्या हातच्या नारळाच्या वड्या. दसऱ्याला डब्यात तोरणं बांधली, संक्रांतीला हळदीकुंकू केलं. चहा मात्र एकदाही झाला नाही. त्या गर्दीत तो होणार कसा? म्हणून निवृत्तीनंतरच्या पहिल्या वाढदिवसाला, एकोणसाठाव्या, मी ठरवलं की जेवण नाही, हॉटेल नाही; डोंबिवलीच्या आमच्या घरी सगळ्यांनी चहाला यायचं.

पहिली अडचण वाराची. अजून पाचजणी नोकरीत, म्हणजे रविवारच हवा, आणि रविवार म्हटलं की मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. तो बहुतेक वेळा दुपारी चारच्या आसपास संपतो, म्हणून साडेपाचची वेळ दिली.

खायला काय करायचं हे ठरवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. दडपे पोहे. बटाटेवडे केले की यजमानीण कढईपाशीच अडकते, बाहेरच्या गप्पा भिंतीआडून ऐकते. मला ते अजिबात नको होतं. दडपे पोहे मुरल्यावरच चांगले लागतात, त्यामुळे हात मोकळे राहतात. अर्धा किलो पातळ पोहे, एका मोठ्या नारळाचा चव, चार कांदे अगदी बारीक चिरून, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर. नारळाचं पाणी फेकायचं नाही, तेच पोह्यांवर शिंपडायचं. पाच वाजता सगळं कालवून ताटलीखाली दाबून ठेवलं आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं. हिंग, मोहरी, शेंगदाण्यांची फोडणी आयत्या वेळी. पोह्याचे पापडही तळून डब्यात भरले होते, ते चुरून अगदी शेवटी. आधी घातले तर मऊ पडतात.

खरी तयारी चहाची होती. आमच्यातल्या एकीने साखर सोडली आहे, ती फक्त गुळाचा चहा घेते. तिच्यासाठी वेगळा कप आणि बाकीच्यांसाठी वेगळे, हे मला पटेना. बावीस वर्षांनी होणारा चहा एकाच पातेल्यातला हवा. गुरुवारी करून पाहिला, तर दूध फाटलं. शुक्रवारी पुन्हा फाटलं. उकळत्या चहात गूळ आणि दूध एकत्र आलं की गुळातल्या आंबटपणाने दूध नासतं. शनिवारी रीत बदलली. आधी पाण्यात किसलेलं आलं आणि गवती चहा खळखळून उकळला. (साध्या चहातही आलं दुधाआधी पाण्यात नीट उकळून घ्यावं, कच्च्या आल्यानेही दूध फाटतं.) मग चहा पावडर, मग गूळ. गूळ विरघळल्यावर गॅस बंद करून चहा गाळला, दोन मिनिटं थांबून वेगळं तापवलेलं दूध ओतलं आणि पुन्हा गॅसवर ठेवलाच नाही. जमलं! आठ कपांना सहा कप पाणी आणि अडीच कप दूध. कप आधी गरम पाण्याने विसळून घेतले, कारण हा चहा लवकर निवतो. सारख्या आठ कपबश्या माझ्याकडे नव्हत्या, चार शेजारच्या वहिनींनी दिल्या.

रविवारी ठाण्याची मैत्रीण पाऊण तास उशिरा पोचली. तोवर कोणी खाण्याला हात लावला नाही. ती आल्यावर बदलापूरच्या मैत्रिणीने निरांजन लावलं, माझ्याच हातातली अंगठी आणि सुपारी घेऊन मला ओवाळलं. गाडीत फक्त कुंकू लागायचं, ज्योत कधी लावता आली नव्हती. माझे डोळे भरून आले.

खुर्च्या मी मांडल्या होत्या, तरी तीनजणींच्या सोफ्यावर चौथी सरकून बसलीच. ‘आत घे गं जरा,’ हे तेच शब्द, त्याच आवाजात. मी कप भरून आणले. गुळाच्या चहावालीने पहिला घोट घेतला, सगळ्यांच्या कपांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘अगं, सगळ्यांचाच गुळाचा?’

मी हो म्हटलं. तिने कप खाली ठेवला, उठून मला मिठी मारली, आणि दुसरं आधण ठेवायला माझ्यासोबत स्वयंपाकघरात आली.