काटेरी पठारावरचे मुक्काम आणि हवा सोडणाऱ्या मॅट : वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी टिप्स

रूट आधी थोडक्यात सांगते. पायथ्यापासून दमवणारा चढ, वर आलं की नजर पोचेल तिथपर्यंत उघडं पठार, दगडगोटे आणि कमरेएवढी काटेरी झुडपं, पठाराच्या टोकाला ओढा, तिथून खिंड चढून पलीकडे उतरायचं. वाट मळलेली आहे, चुकायला होत नाही, ओढ्याला पाणी भरपूर. दिवसा कडक ऊन आणि सूर्य बुडाला की अंगाला झोंबणारी थंडी हे मात्र धरूनच चला. आम्ही तिघं होतो, मी, माझा मावसभाऊ आणि वहिनी, तिघांकडेही हवा भरायच्या स्लीपिंग मॅट, आणि त्यातल्या दोन वाटेत गळायला लागल्या. दोन्ही तिथेच दुरुस्त झाल्या आणि ट्रेक ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला. चालण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, म्हणून दुरुस्तीबद्दलच सविस्तर लिहितेय.

एक सवय सगळ्यात आधी सांगते, बाकीचं विसरलात तरी चालेल. मुक्कामाला पोचलात, टेंट उभा केलात, की लगेच मॅट फुगवा. झोपायच्या वेळी नाही, उजेड असतानाच. बहुतेक जण रात्री शेवटचं काम म्हणून फुगवतात आणि मग मध्यरात्री कंबर जमिनीला टेकली की कळतं हवा गेलीये, तेव्हा हेडटॉर्चच्या उजेडात गारठलेल्या बोटांनी सुईच्या टोकाएवढं भोक शोधणं म्हणजे महाकठीण काम, आणि सापडलं तरी दवाने ओलसर झालेल्या कापडावर पॅच नीट चिकटतच नाही. तेच दुपारी चारला कळलं तर ऊन असतं, हात गरम असतात, पाणी जवळ असतं, गोंदाला वेळ मिळतो. फक्त फुगवलेली मॅट थेट उन्हात टाकून ठेवू नका, आतली हवा तापून फुगते आणि आतले जोड सुटू शकतात. सावलीत ठेवा.

आता पहिल्या मुक्कामाची गोष्ट. पहाटे दादा उठून बसला आणि म्हणाला, "माझी मॅट पंक्चर झालीये, बघ ना, पार मऊ पडलीये." मी म्हणलं, "दादा थांब, आधी माझी दाबून बघ, मग वहिनींची." तिन्ही सारख्याच मऊ. तिन्ही मॅटना एकाच रात्री सारखंच भोक पडणार नाही ना, ते थंडीचं काम होतं. संध्याकाळी २५ अंश असताना भरलेली हवा पहाटे ५ अंशांवर आली की जवळपास ७ टक्के आकसते, आणि तोंडाने फुगवली असेल तर फरक अजून जास्त जाणवतो कारण आपला श्वास अंगाएवढा गरम असतो, तो पहिल्या पाव तासातच थंड होतो. मॅट नवीन असेल तर कापडही थोडं ताणतं. त्यामुळे नियम सोपा आहे, फुगवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी परत दोन फुंका मारायच्या, झोपण्याआधी परत एकदा, आणि त्यानंतर पहाटे थोडी मऊ लागली तर ती गळती समजायची नाही. कंबर किंवा कोपर जमिनीला टेकलं तर मात्र नक्की गळती.

तोंडाने फुगवण्याबद्दल अजून एक. श्वासातली वाफ आत जाऊन पाणी साठतं, आत फोम असलेल्या मॅटमध्ये बुरशी धरते. पंप सॅक, म्हणजे मॅटमध्ये हवा ढकलायची पिशवी, मिळते, हलकी असते, ती वापराच.

दुसरा मुक्काम पठारावर. वहिनींची मॅट फुगवून टेंटच्या सावलीत ठेवली, आणि ऊन अजून उतरलंही नव्हतं तोवर तिच्या मधोमध खड्डा पडला. म्हणजे थंडीचा प्रश्नच नाही, ही खरी गळती. अशा वेळी सगळे लगेच भोक शोधायला लागतात पण मी म्हणेन आधी व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायचं तोंड, बघा. आतली रबराची पातळ पडदी, तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस बसला तरी हवा जाते, तशीच झाकणाखालची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी. वहिनींच्या व्हॉल्व्हमध्ये खरंच वाळूचे दोन-तीन कण निघाले, ओल्या रुमालाच्या टोकाने पुसले, झाकण घट्ट लावलं. व्हॉल्व्हला थुंकीचा थेंब लावून बघायचं, फुगा येत असेल तर तिथेच गळतंय. आमच्याकडे फुगा आला नाही, मॅट मात्र परत मऊ पडली. म्हणजे वाळू होती ती होती, खरं दुखणं वेगळंच.

मग ऐकायचं. मॅट शक्य तेवढी कडक फुगवायची, वाऱ्याच्या आडोशाला न्यायची, एकाने एका टोकाने गुंडाळत दाबत यायचं म्हणजे उरलेल्या भागात दाब वाढतो, आणि दुसऱ्याने कान लावायचा. मोठं भोक असेल तर फुस्स आवाज येतो. आवाज आला नाही तर गाल किंवा ओठ किंचित ओला करून कापडाच्या अगदी जवळून फिरवायचा, बारीक झुळूक सुद्धा थंड लागते. पठारावर मात्र वारा एवढा होता की दोन्हीपैकी काही जमेना, म्हणून ओढ्यावर गेलो.

पाण्यात शोधणं हे सगळ्यात खात्रीचं, सायकलची ट्यूब बादलीत बुडवून बघतात ना अगदी तसंच. व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा आणि आत पाणी जाणार नाही याची काळजी घ्यायची, कारण आत गेलेलं पाणी काढणं जिकिरीचं आहे. वाहत्या धारेत नको, संथ डोहात एक-एक हात भाग दाबून धरायचा. सुरुवातीला सगळीकडूनच बुडबुडे येतात, ते कापडाच्या खरखरीत धाग्यांत अडकलेल्या हवेचे असतात, त्यांना फसू नका. हाताने पुसून टाका आणि स्थिर राहून बघा, एकाच जागेवरून परत परत, माळ लागल्यासारखे, येत राहिले की तेच भोक. वहिनींनी खांद्याच्या भागाजवळ मॅट दाबून धरली, मी खाली वाकून बघत होते, आणि राईच्या दाण्याहून बारीक बुडबुडे एकामागे एक वर यायला लागले. मी म्हणलं, "वहिनी, हलू नका, सापडलं." वहिनींनी तिथेच बोट दाबून धरलं आणि मॅट पाण्याबाहेर काढून, पुसून, बॉलपेनने भोवती गोल केला. ही खूण लगेच करा, पाण्याबाहेर आल्यावर, मॅट वाळल्यावर ते भोक परत दिसत नाही, कितीही डोळ्यात तेल घालून शोधा. गोल जरा मोठा काढा, नेमका भोकावर नको.

आणि इथे थांबू नका. काटा एका बाजूने शिरला तर बरेचदा दुसऱ्या बाजूनेही निघतो. आम्ही मॅट उलटी करून परत बुडवली तर थोडं सरकून दुसरं भोक मिळालंच. पूर्ण मॅट एकदा तपासून मगच दुरुस्तीला बसा.

दुरुस्तीत नव्वद टक्के काम साफसफाईचं, पॅच लावणं त्या मानाने काहीच नाही. कापडावर घाम, सनस्क्रीन, डास पळवायचं लोशन, धूळ असं सगळं असतं आणि त्यावर जगातला कुठलाच चिकट पदार्थ टिकत नाही. आधी पूर्ण वाळवा, हवा सगळी काढा, मॅट सपाट पसरा, व्हॉल्व्ह उघडाच ठेवा नाहीतर आत राहिलेली हवा भोकातून पॅच ढकलत राहते. मग प्रथमोपचाराच्या डब्यातला स्पिरिटचा स्वॅब घेऊन भोकाभोवती पॅचपेक्षा मोठ्या भागावर पुसा, एकदा वाळू द्या, परत दुसऱ्या स्वॅबने पुसा, आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. पॅच म्हणून आम्ही टेनेशियस टेप, म्हणजे टेंट-मॅटच्या दुरुस्तीचा चिकट टेप, वापरला, कोपरे कात्रीने गोल कापले कारण टोकदार कोपरा स्लीपिंग बॅगला घासून उचकटतो. भोकाच्या चारही बाजूंना किमान दोन सेंटिमीटर तरी टेप हवा. मधून कडेकडे अंगठ्याने घासत लावायचा, खाली हवेची गुठळी राहू द्यायची नाही, आणि वर पाच-दहा मिनिटं जोर देऊन ठेवायचं, दादाने त्यावर गरम पाण्याची बाटली ठेवली, ऊबेने गोंद छान धरतो. तासाभराने हलकी फुगवली, रात्री वहिनी त्यावर झोपल्या, सकाळी मॅट जशीच्या तशी. पूर्ण पकड यायला मात्र एक दिवस धरा.

काय वापरू नये हेही सांगते कारण वाटेत भेटलेल्या दोघांनी हेच सल्ले दिले होते. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद वाळून काचेसारखा कडक होतो, मॅट वाकली की तडकतो. सायकल पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं, मॅटचं कापड बहुतेक वेळा नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि आतून पॉलियुरेथेनचा थर, त्यावर ते नीट धरत नाही. डक्ट टेप एका रात्रीपुरता ठीक, नंतर हवेच्या दाबाने हळूहळू सरकतो. आणि कापडावर सिलिकॉनचा लेप असेल तर साधे पॅच सुटून येतात, त्याला सिलिकॉनचाच गोंद लागतो, तेव्हा आपल्या मॅटचं कापड कुठलं आहे ते निघण्याआधी वाचून घ्या.

माझ्या मॅटचं दुखणं वेगळं होतं. ती आपोआप फुगणारी, आत फोमवाली, आणि खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामी ती हळूहळू, दोन-तीन तासांत मऊ पडायला लागली. पाण्यात काही दिसेना कारण गळती फार बारीक. इथे साबण उपयोगी पडतो. ओढ्यापासून लांब जाऊन मगमध्ये थोडा साबण घोळला, फेस हाताने कडेच्या जोडावर लावत गेले, आणि एका ठिकाणी फेस पांढरा होऊन बारीक सायीसारखा वाढत राहिला. जोडाला अगदी लागून होतं, तिथे टेप बसत नाही कारण पृष्ठभाग सपाट नसतो. अशा जागेला सीम ग्रिपसारखा लवचिक पॉलियुरेथेनचा गोंदच हवा. साबण पूर्ण धुतला, वाळवलं, स्पिरिटने पुसलं, काडीच्या टोकाने पातळ थर भोकावर आणि भोवती अर्धा सेंटिमीटरपर्यंत पसरवला. हा गोंद वाळायला ८ ते १२ तास घेतो, थंडीत अजून जास्त, त्यामुळे ती रात्र त्या मॅटवर झोपायचंच नाही हे धरून चालायचं.

मग झोपायचं कशावर? हा प्रश्न नुसत्या मऊपणाचा नाही. आपल्या वजनाने स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबून पार पातळ होतो, तिथे ऊब राहत नाही आणि जमीन अंगातली उष्णता सरळ ओढून घेते. म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंतचा भाग आधी सांभाळा. दादाकडे बसायचा फोमचा घडीचा तुकडा होता तो कमरेखाली, वहिनींकडचा तसाच तुकडा पाठीखाली, रिकामी केलेली सॅक पायाखाली, दोर आणि जास्तीचे कपडे मधल्या फटीत. झोप तुकड्यातुकड्याने लागली पण थंडी वाजली नाही. या अनुभवानंतर माझं ठाम मत आहे की थंडीच्या ट्रेकला हवेच्या मॅटखाली एक पातळ फोम शीट न्यायचीच. मॅटवर जो आर-व्हॅल्यूचा, म्हणजे मॅट जमिनीची थंडी किती अडवते त्याचा, आकडा लिहिलेला असतो, २०१८ पासून तो मोजायची एएसटीएम एफ३३४० नावाची एक प्रमाणित पद्धत आहे, आणि दोन मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांचे आकडे सरळ बेरजेत धरता येतात. म्हणजे फोम काट्यांपासून वाचवतो, ऊब वाढवतो, आणि हवेची मॅट गेलीच तर निदान काहीतरी खाली असतं. वजन थोडंसं वाढतं, वाढू दे.

जागा निवडताना या पठारावर विशेष काळजी घ्या. इथले काटे वाळून गवतात पडलेले असतात, वरून दिसत नाहीत. टेंट टाकायच्या आधी आम्ही गुडघ्यावर बसून हाताने, म्हणजे बुटाच्या तळव्याने नाही, हातमोजा घालून जमीन झाडली आणि मूठभर काटे निघाले. टेंटच्या आतलीही फरशी रोज झटका, बुटांना चिकटून काटे आत येतात. मॅट टेंटबाहेर बसायला घेऊ नका, शेकोटीजवळ तर अजिबात नाही, एक ठिणगी पुरते.

काही गोष्टी वाटेत दुरुस्त होत नाहीत तेही सांगून ठेवते. मॅटच्या मध्ये अचानक उशीसारखा फुगवटा आला तर वरचं-खालचं कापड धरून ठेवणारे आतले पडदे सुटलेत, त्यावर पॅचचा उपयोग नाही. थोडी हवा कमी ठेवून उरलेल्या रात्री काढा आणि घरी आल्यावर वॉरंटीत बदलून मिळते का बघा, बऱ्याच कंपन्या हा दोष वॉरंटीत धरतात.

सोबत न्यायचं सामान मुठीत मावतं: टेप कापून दोन-तीन तुकडे, न उघडलेली गोंदाची छोटी ट्यूब, चार स्पिरिट स्वॅब, बॉलपेन, लहान कात्री. ट्यूब न उघडलेलीच हवी, एकदा उघडली की पुढच्या ट्रेकपर्यंत आत दगड होतो, उरलेली घरी फ्रीजरमध्ये ठेवली तर बरीच टिकते. आणि निघायच्या आधल्या आठवड्यात घरी मॅट कडक फुगवून, वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर एकाच खोलीत ठेवा. खोलीचं तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे सकाळी मऊ पडली असेल तर थंडीचं कारण लागू पडत नाही, सरळ बाथटब नाहीतर मोठं घमेलं शोधा. परत आल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाळवा, फोमवाली असेल तर गुंडाळून न ठेवता पसरून ठेवा.

खिंडीपलीकडच्या उतारावर गवत मऊ आहे, काटे जवळजवळ नाहीत, शेवटचा मुक्काम तिथेच करा.