शिंद्यांचा ‘श’

सोयाबीनचा सीझन भरात असताना लातूरच्या मार्केट यार्डात कुणाचं सॉफ्टवेअर बदलायला जाऊ नये. मी गेलो.

आडतीच्या हिशेबाचा आमचा प्रोग्रॅम पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतो. आधी दोन्ही वेगवेगळं बसवावं लागायचं, आणि मधेच पासवर्ड विचारला की मुनीम थेट मला फोन लावायचे. म्हणून पोस्टग्रेसची झिप मी आमच्याच सेटअपमध्ये कोंबली. लायसन्स मोकळं आहे, त्याची प्रत सोबत दिली की वाटता येतं. फायली उलगडायच्या, इनिटडीबी ही त्यातली आज्ञा चालवून डेटाचा फोल्डर तयार करायचा, पडद्यामागं चालणारी सर्व्हिस म्हणून पोस्टग्रेस नोंदवायचं. एका क्लिकचं काम.

सर्व्हिस उठेना. ती नेटवर्क सर्व्हिस या खात्यावर चालत होती आणि त्या खात्याला डेटाच्या फोल्डरात लिहायची परवानगीच नव्हती. ती दिली, उठली. चहा आला.

मुनीमजींनी पहिलं नाव टाकलं, शिंदे. लाल चौकट! ई० ए४ बी६ या बाइट्सना विन१२५२ मध्ये समतुल्य अक्षर नाही, असं काहीतरी इंग्रजीत. बाहेर सौदा निघालेला, हमाल पोती ओतायलेत, आणि मालक माझ्या मागं उभे.

“काय करायलाव ओ? पट्ट्या हातानं लिहाव का?”

“लिहा,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते तीन बाइट म्हणजे यूटीएफ-८ मधला, जवळजवळ सगळ्या लिप्या मावणाऱ्या सारणीतला, ‘श’. विन१२५२ ही पश्चिम युरोपातल्या भाषांची, एका बाइटची सारणी. तिच्यात देवनागरीला जागा नाही. पण ती आली कुठून? इनिटडीबीला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या सारणीनं साठवायची ते, सांगितलं नाही तर ते विंडोजच्या भाषेवरून ठरवतं. दुकानातलं विंडोज इंग्रजी. मूळ इन्स्टॉलर यूटीएफ-८ स्वतःहून सांगतो. मी इन्स्टॉलर काढला, त्याच्याबरोबर ते सांगणंही गेलं.

मग माझ्या लॅपटॉपवर कसं चाललं? तिथं मूळ इन्स्टॉलरनं बसवलेलं जुनं पोस्टग्रेस ५४३२ हा पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅमनं डेटाबेस गाठायचा क्रमांक, धरून बसलेलं. आमचा प्रोग्रॅम आठवडाभर त्याच्याशीच बोलत होता. मी कोंबलेलं पोस्टग्रेस तिथं कधी उठलंच नव्हतं. एकदा कोऱ्या मशिनवर तपासलं होतं खरं, पण तिथं शेतकऱ्याचं नाव टाकलं होतं ‘टेस्ट१’, इंग्रजीत. मराठी माणसानं, मराठी आडतीसाठी!

तयार डेटाबेसचं एन्कोडिंग नंतर बदलता येत नाही. नशिबानं आत काहीच नव्हतं. सर्व्हिस थांबवली, फोल्डर उडवला, यूटीएफ-८ आणि लोकॅल, म्हणजे नावं कुठल्या भाषेच्या क्रमानं लावायची ती सेटिंग, सी असं स्पष्ट सांगून इनिटडीबी पुन्हा चालवलं. आमचा पोर्टही ५४३३ केला. शिंदे बसले. त्यांच्यामागं हाताने लिहिलेल्या पट्ट्यांची थप्पी मुनीमजींनी आणि मी मिळून चढवली, दिवेलागण झाली.

निघताना मुनीमजींनी खातेदारांची यादी उघडली आणि थेट तळाशी गेले.

“क्षीरसागर कुठं गेले ओ?”

वर शोधले. ‘क’च्या शेवटी, खंदारेंच्या आधी. लोकॅल सी अक्षरांच्या नुसत्या क्रमांकांवरून लावतं, आणि हे क्रमांक देणाऱ्या युनिकोडला ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त, ष.

“आमच्या खतावणीत ते ‘ह’च्या मागं असतेत,” मुनीमजी म्हणाले. “ज्ञ पण बघा.”

मी पिशवी खाली ठेवली.