डांबराखालचा पत्रा

शनिवार

संक्रांत झाली, हवा कोरडी आहे, म्हणून आज माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या पद्मिनीची डिकी उघडायला घेतली. गाडी १९८२ सालची. आधी बॅटरीची वायर सोडली, पेट्रोल उपसलं, टाकी उतरवून परसात नेऊन ठेवली. रिकाम्या टाकीतही वाफ राहते आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते, त्यामुळे यात घाई नको. मग स्टेपनी, जॅक, रबराची चटई बाहेर काढली. चटई उचलली तर तिच्यासोबत पत्र्याचा पापुद्राच उठून आला.

त्यावर गाळ होता, वाळून भेगा पडलेला, कृष्णेचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या अंगणात ही गाडी काचांपर्यंत बुडाली होती. पूर ओसरल्यावर एका गॅरेजला दिली. त्यांनी धुऊन, पुट्टी भरून, वरून रंग मारून दिली. पुट्टीखाली ओल तशीच होती. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग खालून फुगत जातो. ते फोड मी दोन वर्षं बघत होते.

रविवार

कोपऱ्यावरचे वेल्डिंगवाले मिस्त्री येऊन गेले. हातोडीच्या मागच्या टोकाने ते डिकीचा तळ इंच इंच वाजवत गेले. चांगला पत्रा ठण् म्हणतो, कुजलेला भद्. जिथे भद् वाजलं तिथे खडूने रेघ. रेघांचा आकार एखाद्या पसरट तळ्यासारखा झाला, मधोमध, स्टेपनीपासून लांब.

गाळ खरवडला तर खाली डांबर लागलं. डांबर तापवून पत्तीने सोललं, तर खाली तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, चार रिव्हेटांनी बसवलेला. आणि त्याच्याखाली भोक.

"ताई, ह्ये पुराचं न्हवं," मिस्त्री म्हणाले. "गाळ वर हाय. दुखणं लई जुनं हाय. आन् डांबर वतताना पाणी जायचं भोकबी बुजलंय. मग पुराचं पाणी जाणार कुठनं?"

आईला तो डब्याचा पत्रा दाखवला. तिने लगेच ओळखला. "ह्यांनी बसवला होता. तू कॉलेजात गेलीस त्या वर्षी. मळ्यात हळद होती, पोटॅशची पोती ह्याच गाडीतनं न्यायचे. टेम्पोचं भाडं वाचायचं ना."

मळा कसबे डिग्रजला. हळदीला पोटॅश लागतं, आणि पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा क्लोराइडचं मीठ. फाटक्या पोत्यातून सांडलेले खडे हवेतली ओल ओढतात, आणि असं खारं पाणी पत्र्यावर साचून राहिलं की गंज नुसत्या पावसापेक्षा कितीतरी वेगाने खातो. वाचलेल्या भाड्यातून माझी फी गेली. कॉलेज वालचंद. १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे ही पद्मिनी बनवणारी कंपनी, सुरू केली, आणि विश्रामबागच्या आमच्या कॉलेजला नावही त्यांचंच. अण्णा आल्यागेल्याला हे हौसेने सांगायचे, बॉनेटवर हात ठेवून.

आणि मी? पूर ओसरल्यापासून ते जाईपर्यंत कितीदा तरी त्यांना म्हणाले असेन, "त्या रात्री गाडी विश्रामबागला नेऊन लावली असती तर ही वेळ आली नसती." ते शेजारच्या म्हाताऱ्या आजींना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेत होते त्या रात्री. डब्याच्या पत्र्याबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. नुसते ऐकून घ्यायचे. आज दुपारी जेवण गेलं नाही.

सोमवार

बिजागऱ्या, जॅक, त्याचं हँडल, बोल्ट असं सगळं मळीत, म्हणजे साखर कारखान्यात उरणाऱ्या काळ्या चिकट पाकात, घातलं. ऊसपट्ट्यात राहून मला हे आधी कसं सुचलं नाही! आमच्या ओळखीच्या गोठ्यात वैरणीवर शिंपडायला मळी असतेच. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकचा पिंप. मळीतली द्रव्यं गंजातलं लोह धरून पाण्यात ओढून घेतात, निरोगी लोखंडाला फारशी बाधा होत नाही. झाकण मात्र घट्ट लावायचं नाही, आत आंबण चालू असतं आणि वायू सुटतो. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं काही आत टाकायचं नाही, ते खाल्लं जातं. डिकीचं हँडल वरून क्रोमचं असलं तरी आत जस्त असावं, म्हणून ते बाहेरच ठेवलं.

पुढच्या आठवड्यातला शनिवार

बारा दिवसांनी पिंप उघडलं. वास असा, की आईने माडीवरच्या खिडक्यासुद्धा लावून घेतल्या. पण जॅक पाण्याखाली धरून ब्रश फिरवला आणि त्यावरची अक्षरं दिसली. मी लहानपणापासून तो जॅक तपकिरीच समजत होते! धुतल्यावर लगेच वाळवून तेल लावायचं. नागडं लोखंड तासाभरात पुन्हा लाल व्हायला लागतं.

मिस्त्रींनी कुजका भाग कापला, चांगला पत्रा लागेपर्यंत. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा नमुना करून मी २० गेजचा पत्रा कापला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही. इथे एक टाका, मग समोरच्या बाजूला एक, मध्ये थांबायचं, नाहीतर एवढा पातळ पत्रा उष्णतेने पापडासारखा वाकतो. चार तास लागले. जोड घासले, प्रायमर मारला, शिवणींत सीलंट भरलं, आणि पाणी जायचं भोक मुद्दाम मोकळं ठेवलं.

मिस्त्रींनी भंगाराची पिशवी भरायला घेतली, तेव्हा डब्याचा पत्रा मी बाजूला काढून घेतला. चारही रिव्हेट सरळ रेषेत आहेत. अण्णांकडे ड्रिल नव्हतं, खिळ्याने भोकं पाडली असणार. घासल्यावर एका कडेला तेलाच्या कंपनीचं अर्धं चित्र दिसतंय, शेंगांचं. आई म्हणाली, तो डबा दिवाळीचा होता.

उद्या रंग. आणि डाव्या मागच्या दाराखालचा पत्रा वाजवून बघायचाय, तिथेही भद् येतंय.