फॉर्मवर मी 'व्यायाम: नाही' असे लिहिले होते

मालवणच्या देऊळवाड्यात राहून कुडाळच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी गोव्याला जाणाऱ्या रुग्णांची पूर्वतयारी करून देण्याचे काम माझ्याकडे असते. शस्त्रक्रिया तिकडे होते. पण आधीचे रक्ततपास, झोपेतील श्वासाची तपासणी, तंबाखू आणि मिश्री सोडवणे, श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र फुंकायला नव्हे तर ओढायला शिकवणे आणि शेवटचे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार सांभाळणे, हे सारे इकडेच होते. हे प्रकरण त्या शेवटच्या दोन आठवड्यांतले आहे.

रुग्ण दांडी किनाऱ्यावरचे रापणकर होते. वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन १३१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४६ च्या वर. मधुमेह नऊ वर्षांचा, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या. रात्री घोरताना श्वास अडत असल्याने नाकावर मास्क लावून झोपण्याचे यंत्रही घरी आलेले. किनाऱ्यावर सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. पहिल्या भेटीत आमच्या छापील फॉर्मवरचा 'व्यायाम करता का?' हा प्रश्न मी वाचला, तेव्हा ते हसून म्हणाले, "व्यायाम? तो खंय करूक गावता माका?" मी 'नाही' या चौकोनात खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत नेतात, दोराचे एक टोक किनाऱ्यावर राहते, होडी फिरून दुसरे टोक परत आणते, आणि मग तीस-चाळीस माणसे दोन्ही बाजूंनी ते जाळे वाळूवर खेचून घेतात. मऊ वाळूत टाच रोवून, अंग मागे टाकून दीड-दोन तास हे ओढणे चालते. तात्या विशीपासून हे करत आले होते. इतके कष्ट करणाऱ्या माणसाला वजनासाठी ऑपरेशन कशाला, असे त्यांच्या वाडीत सगळे विचारत, आणि खरे सांगायचे तर आमच्या दवाखान्यातल्या काहींनाही ते पडलेले कोडे होते. श्रमाने शरीर काटक राहते, हृदयाला बळ येते, साखर आटोक्यात राहायला मदत होते. पण एकदा शंभरीच्या पुढे गेलेले वजन केवळ श्रमाने उतरत नाही, कारण भूक आणि उष्मांक वाचवण्याची शरीराची जुळवाजुळव दोन्ही श्रमाच्या मागोमाग वाढतात. 'हालचाल वाढवा' हा सल्ला आपण किती सहज देतो, हे रापणीवर एकदा उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

शस्त्रक्रियेआधीचा आहार वजन घटवून दाखवण्यासाठी नसतो. लठ्ठ माणसाच्या यकृतात चरबी साठलेली असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढायचा तर आधी ते यकृत वर उचलून धरावे लागते. भात, भाकरी, साखर कमी केली की यकृतातला साठा आणि त्यासोबत धरून ठेवलेले पाणी उतरते, यकृत आटते आणि शल्यविशारदाला जागा मिळते. म्हणून मी तात्यांना नऊशे उष्मांकांचा कागद दिला: सकाळी दोन अंडी, दुपारी उकडलेला मासा आणि भाजी, संध्याकाळी ताक, रात्री पुन्हा मासा किंवा पनीर. भात नाही, पेज नाही. शेवटी माझ्याच अक्षरात ओळ होती: 'नेहमीची हालचाल चालू ठेवावी.' गोळ्यांबद्दल त्या कागदावर एक शब्दही नव्हता. ते डॉक्टरांनी सांगितले असेल असे मी गृहीत धरले, आणि डॉक्टरांनी ते माझ्या कागदावर असेल असे.

चौथ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तात्यांच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. "मॅडम, कालपासून ह्यांचे हात थरथरतत, आणि उगाच आमच्यार खेकसतत." पहिल्या आठवड्यात डोके दुखणे, चिडचिड, गळून गेल्यासारखे वाटणे हे बहुतेकांना होते, मीही तसेच उत्तर दिले, पाणी आणि मीठ घातलेले ताक घ्यायला सांगितले, आणि फोन ठेवला. रात्री झोपताना मात्र 'थरथरतत' हा शब्द कानात राहिला. भुकेने माणूस चिडतो, पण हात थरथरणे ही वेगळी गोष्ट असते. सकाळी ग्लुकोमीटर पिशवीत टाकला आणि सातच्या सुमारास दांडीवर पोहोचले.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर नुकते ऊन आले होते. जाळे निम्मे आत आले होते आणि उत्तरेकडच्या दोरावर तात्या तिसरे होते. दुरून सगळे ठीक दिसत होते. जवळ गेल्यावर दिसले की बाकीचे लयीत दोन पावले मागे सरत होते आणि तात्या दोर धरून जागीच उभे होते. दोर त्यांच्या तळहातांतून घसरत होता. नोव्हेंबरच्या गार वाऱ्यात त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मागचा एक पोरगा हसून म्हणाला, "तात्यानु, सकाळीच घेवन इलास काय?" मी हाक मारली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण ओळखल्याची खूण डोळ्यांत नव्हती. "माका काय्येक झाला नाय," एवढेच ते म्हणाले, तेही जड जिभेने, आणि दोर सोडेनात. त्यांची बोटे दोघांनी मिळून सोडवावी लागली.

बोटाला टोचले: ५२. सत्तरच्या खाली साखर गेली की ती धोक्याची समजायची. शुद्ध होती आणि गिळता येत होते, म्हणून चहाच्या टपरीवरून पाण्यात तीन चमचे साखर ढवळून आणली आणि पाजली. पंधरा मिनिटांनी ६४. पुन्हा तेवढीच. आणखी पंधरा मिनिटांनी ८८, आणि तात्या वाळूवर बसून विचारू लागले की जाळे वर आले का. ग्लिमेपिराइड खाणे कमी असले तरी साखर खाली ओढते आणि तिचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून घरी नेऊन उकड्या तांदळाची वाटीभर पेज दिली, डॉक्टरांना फोन लावून ती गोळी त्याच क्षणी बंद केली, आणि दुपारपर्यंत दर तासाला तपासत मी त्यांच्या पडवीतच बसले. मेटफॉर्मिन चालू राहिली. तिने एकटीने साखर सहसा इतकी खाली जात नाही.

त्या पडवीत तात्या मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही व्यायाम इचारलात, काम खंय इचारलात?"

नवा कागद त्यांच्यासमोर बसूनच लिहिला. ऑपरेशनपर्यंत दोर बंद, कारण एवढ्या कमी खाण्यात तसे श्रम केले तर स्नायू झिजतात आणि ऑपरेशननंतर तेच स्नायू लागतात. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ सपाटीवर अर्धा तास चालणे, आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे. उष्मांक थोडे वाढवले, प्रथिने दिवसाला ऐंशी ग्रॅमपर्यंत नेली, सकाळी चालण्याआधी पातळ कुळथाची पिठी अर्धी वाटी. साखर दिवसातून चार वेळा तपासून वहीत लिहायची. ती वही त्यांच्या धाकट्या मुलीने सांभाळली, आणि तिच्यापुढे वडिलांचे काही चालत नसे.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झाले. यकृताने अडवले नाही, असे शल्यविशारदांनी कळवले. त्याच संध्याकाळी तात्या पलंगाभोवती चालले, आणि दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न, दोर कधी धरू? सहा आठवडे जड ओढणे नाही, हे उत्तर त्यांना रुचले नाही. रापणीचा हिशेब वाट्यांवर चालतो आणि न ओढता वाटा घेणे त्यांना अपमानाचे वाटत होते. शेवटी रापणीतल्या इतरांनीच मार्ग काढला: मासळीचे वाटे घालायचे काम त्यांच्याकडे दिले. खुर्ची टाकून ते बसत, हातात अर्धी वाटी डाळीचे पाणी, ते घोटाघोटाने संपवायला त्यांना अर्धा तास लागे, आणि कोणाचा वाटा चार तारल्यांनी कमी पडला तर लगेच ओरडत.

फॉर्मवरचा तो चौकोन अजून तसाच छापून येतो. त्याच्या शेजारी मी आता पेनाने लिहिते: पहाटे उठल्यापासून काय काय करता?